घरी धान्यापासून बिअर आणि परसात हॉप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडला राहते. घरामागे हॉप्सच्या तीन वेली आहेत (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देतात ती यांची फुलं) आणि वर्षातून आठ-दहा वेळा गॅरेजच्या दारात बिअर शिजते. मराठी मित्रमंडळी घरी आली की वेलीखाली उभं राहून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत. मापं मेट्रिकमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

ऑल-ग्रेन म्हणजे नेमकं काय?

बिअर घरी दोन तऱ्हांनी करता येते. एकात माल्टचा तयार अर्क, म्हणजे काकवीसारखा दाट पाक, डब्यातून काढून पाण्यात उकळतात. दुसऱ्यात माल्ट केलेलं धान्य भरडून, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर आपणच काढतो. हे दुसरं म्हणजे ऑल-ग्रेन.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे बार्लीचे दाणे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाची पेज करणाऱ्या घरात ही गोष्ट नवी नाही. मोड आणलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ होते आणि किंचित गोड लागते. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात, ती पिष्टमय पदार्थाचे तुकडे करून साखर बनवतात. बिअरमध्येही तेच घडतं, फक्त तापमान सांभाळून आणि मोठ्या प्रमाणावर.

हे कायद्याने चालतं का?

अमेरिकेत चालतं. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर उठला आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून ती मोकळी झाली. एक प्रौढ माणूस असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. राज्यांचे कायदे वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं सर्वांत शेवटी, २०१३ साली राजी झाली. विकायची मात्र कुठेच नाही, एक बाटलीसुद्धा नाही.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. पुण्यातले भाचे-पुतणे विचारतात तेव्हा मी स्पष्ट सांगते: तिथे घरी करू नका. पुण्यात परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी आहेत, तिथे जाऊन ताजी बिअर प्या आणि भांडी कशी मांडली आहेत तेही बघून घ्या.

सुरुवातीला किती सामान लागतं?

दुकानातलं चकचकीत सामान पाहून दडपून जाऊ नका. पिशवीत धान्य भिजवायची जी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केली, तिच्यात एकच मोठं पातेलं लागतं. ३५-४० लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात बसेल अशी बारीक जाळीची मजबूत पिशवी, चांगला थर्मामीटर, हायड्रोमीटर (साखरेने पाणी किती दाट झालं ते मोजणारा), झाकण आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) असलेली प्लॅस्टिकची बादली, नळी आणि वजनकाटा. घरातल्या शेगडीवर २३-२४ लिटर पाणी खळखळून उकळत नाही, म्हणून अंगणात किंवा उघड्या जागेत वापरायची प्रोपेनची शेगडी लागते. बंद गॅरेजमध्ये ती पेटवायची नाही. मी गॅरेजचं दार पूर्ण उघडून ती बाहेर फरशीवर ठेवते.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी थर्मामीटरवर करा, मग गार करायच्या तांब्याच्या वेटोळ्या नळीवर. बाकी सगळं जुनं, वापरलेलं चालतं.

पहिल्या खेपेसाठी भरवशाची एक कृती द्या.

ही पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, मी डोळे मिटून करू शकते. शेवटी १९ लिटर बिअर हाती येते.

धान्य: टू-रो पेल माल्ट ४ किलो, क्रिस्टल ४० माल्ट ३५० ग्रॅम. हॉप्स: मॅग्नम २० ग्रॅम, कॅस्केड ६० ग्रॅम. यीस्ट: सॅफेल यूएस-०५चं एक पाकीट.

माल्ट दुकानातून भरडून आणा. प्रत्येक दाणा फुटलेला हवा, पण टरफल शाबूत हवं. पीठ झालं तर पाणी गाळून निघत नाही. रव्यापेक्षा जाड, लापशीच्या भरडीसारखं म्हणा.

१३ लिटर पाणी ७३-७४ अंशांपर्यंत तापवा, पिशवी लावा आणि धान्य हळूहळू ओता. दुसऱ्या हाताने लाकडी उलथन्याने ढवळत राहा, पिठल्यात गाठी होऊ नयेत म्हणून ढवळतो तसं. धान्य थंड असतं, त्यामुळे सगळं मिळून तापमान ६७च्या आसपास येऊन थांबतं. शेगडी बंद करा, झाकण ठेवा आणि पातेल्याला गोधडी गुंडाळा. माझ्याकडे त्यासाठी आईने शिवलेली एक जुनी गोधडी आहे. तासाभरात तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने उतरतं, तेवढं चालतं.

तासाने एक चमचा रस पांढऱ्या बशीत घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट अजून शिल्लक आहे, वीस मिनिटं थांबा. रंग तपकिरीच राहिला तर काम झालं. बशीतला रस फेकून द्या, पातेल्यात परत घालू नका.

पिशवी उचलून निथळू द्या आणि ७५ अंशांचं १५ लिटर पाणी तिच्यावरून सावकाश ओता. धान्य स्वतःच्या वजनाएवढं पाणी पिऊन टाकतं, म्हणून हातात साडेतेवीस लिटरच्या आसपास गोड पाणी उरतं. याला वॉर्ट म्हणतात. धुवायचं पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो. चहाची पावडर जास्त उकळली की जीभ आखडते, तसा.

आता तासभर उकळायचं. उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो, अगदी दुधासारखा. पहिली पाच मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही. फेस बसला की मॅग्नम घाला. शेवटची दहा मिनिटं उरली की ३० ग्रॅम कॅस्केड आणि शेगडी बंद करताना उरलेलं ३० ग्रॅम. तासभर उकळलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी पडलेले सुगंध.

मग गार पाण्याची तांब्याची नळी आत सोडून वीस अंशांपर्यंत पटकन गार करा. नळी उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतच पातेल्यात सोडली की उकळीनेच निर्जंतुक होते. बादलीत ओता, जोरात हलवून हवा मिसळा, यीस्ट भुरभुरवा, झाकण लावा. हायड्रोमीटरवर १.०५०च्या आसपास आकडा दिसायला हवा. पहिल्या वेळी १.०४५ आला तरी बिअर बिअरच असते.

६७ अंशच का? थोडं वर-खाली झालं तर?

दाण्यात मुख्यतः दोन विकरं काम करतात. बीटा अमायलेज ६५च्या खाली खुशीत असतं आणि यीस्टला पचेल अशी साखर बनवतं. अल्फा अमायलेज ७०च्या आसपास जोरात असतं आणि मोठे, यीस्टला न पचणारे तुकडेही मागे ठेवतं. म्हणून ६४-६५ला भिजवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६९ला भिजवलं तर अंगाने भरलेली आणि किंचित गोडसर. ६७ला दोघांचंही काम चालतं. ७५च्या वर गेलात तर विकरं मरतात आणि मग काही उपाय नसतो. म्हणून आधी थोडं कमी तापलेलं पाणी घ्या, हवं तर मागाहून उकळतं पाणी घालून वर आणा.

नळाचं पाणी चालतं का?

पिण्याजोगं असेल तर बहुतेक वेळा चालतं, एक काळजी घेऊन. पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर बिअरला बँडेडसारखा औषधी वास येतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहज जात नाही. पोर्टलंडच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या खेपेला अर्ध्या गोळीनेच काम होतं. चुरून ढवळली की काही मिनिटांत प्रश्न मिटतो.

आमच्या शहराला बुल रनच्या खोऱ्यातून येणारं पाणी फार मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. पेल एलसाठी मी त्यात एक चहाचा चमचा जिप्सम घालते, त्याने हॉप्सचा कडवटपणा धारदार लागतो. तुमच्या गावचं पाणी वेगळं असेल. पालिकेचा वार्षिक अहवाल वाचा.

फरमेंटेशनला, म्हणजे बिअर आंबायला, खोली किती थंड हवी?

सगळ्यात जास्त बिअर इथे बिघडते. लोक धान्य आणि हॉप्सवर तासन्‌तास बोलतात आणि यीस्टला मात्र जुलैच्या गॅरेजमध्ये सोडून देतात.

या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. यीस्ट कामाला लागलं की स्वतः उष्णता सोडतं, बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी वर जाऊ शकतं. खोली २५ असेल तर आत २८-३०. अशा बिअरला दारूचा उग्र दर्प आणि नकोसा फळांचा वास येतो, डोकं चढतं ते वेगळंच. पहिले तीन दिवस जपले की पुढे तेवढी चिंता नसते.

वेगळा फ्रिज नसेल तर माठाची युक्ती करा. बादली पाण्याच्या मोठ्या टबात ठेवा, तिला जुना सुती टी-शर्ट घाला, त्याची टोकं पाण्यात बुडू द्या आणि समोर पंखा लावा. कापड पाणी ओढतं, पाणी उडतं, बादली गार राहते. सकाळ-संध्याकाळ बर्फाची एक बाटली टबात सोडली की ऑगस्टमध्येही निभतं.

बाटल्या फुटतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, माझ्या फुटल्या आहेत. तिसऱ्या खेपेला एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणून मी आठव्या दिवशी बाटल्या भरल्या, हायड्रोमीटर लावलाच नाही. यीस्ट फक्त थंडीने मंदावलं होतं, बाटलीत ते उरलेली साखर खाऊन वायू सोडत राहिलं. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. सकाळी दार उघडलं तर चार बाटल्यांच्या काचा पलीकडच्या फळीच्या लाकडात रुतलेल्या होत्या. त्या वेळी समोर कोणी असतं तर डोळा गेला असता.

तेव्हा नियम असा: सलग तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा तोच आला तरच बाटल्या भरायच्या. या कृतीत तो १.०१०च्या आसपास थांबतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ने गुणलं की दारूचं प्रमाण निघतं, इथे सव्वापाच टक्के. बुडबुड्यांवर कधीच विसंबू नका.

बाटलीत बुडबुडे धरावेत म्हणून १९ लिटरला १०५ ग्रॅम साधी साखर, थोड्या पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळा. डोळ्याच्या अंदाजाने नाही, वजन करून. जाड काचेच्या, बूच ठोकायच्या बाटल्याच वापरा आणि दोन आठवडे विशीच्या तापमानाला ठेवा.

स्वच्छता किती पाळायची?

विरजणाला जेवढी पाळता त्याहून थोडी जास्त. उकळीच्या आधी भांडी नुसती घासलेली चालतात. उकळी संपली की वॉर्टला जे जे लागेल ते सगळं निर्जंतुक हवं: बादली, नळी, झाकण, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा. मी स्टार सॅन नावाचं जंतुनाशक वापरते, लिटरला दीड मिलिलिटर. फेस राहिला तरी धुवायचा नाही. आणि आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. मळ असलेल्या भांड्यावर औषध काम करत नाही.

घरी हॉप्स लावायचे तर कोणती जात?

कॅस्केड. पॅसिफिक किनाऱ्यावर राहत असाल तर दुसरा विचार करायची गरजच नाही. ही जात इथलीच, ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून आली आणि १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. संत्र्या-मोसंबीच्या सालीचा वास, जोमदार वाढ, उदार पीक. जागा असेल तर जोडीला विल्यमेट किंवा चिनूक.

रोप मादीच हवं. बिअरची फुलं मादी वेलीलाच येतात. रोपवाटिकेत जातीच्या नावाने मिळणारे कंद मादीच असतात. नर जवळ असला तर फुलांत बिया धरतात.

लावायचे कसे?

मार्च-एप्रिलमध्ये, जमीन मऊ झाली की. कंदाचा बोटभर जाडीचा तुकडा तीन-चार सेंटिमीटर खोल, आडवा ठेवायचा, डोळे वर. दिवसाला सहा-आठ तास ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि वर चढायला पाच मीटर उंची. दोन वेगळ्या जातींमध्ये निदान दीड-दोन मीटर अंतर ठेवा, नाहीतर जमिनीखाली मुळं गुंततात आणि कोणती कुठली ते कळत नाही.

दोरी काथ्याची लावा. ओरेगन-वॉशिंग्टनच्या मोठ्या शेतांतही वेल काथ्यावरच चढवतात. कोकणातल्या माणसाला सुंभाचा तो खरखरीतपणा ओळखीचा असेल, वेलीलाही तोच आवडतो. तिला तणावे नसतात, खोडावरच्या बारीक आकड्यांनी ती दोरी धरते. आणि नेहमी उजवीकडून, प्रदक्षिणेच्या दिशेनेच वळते. उलटी गुंडाळून पाहा, दुसऱ्या दिवशी सुटून खाली आलेली असेल.

वसंतात फुटणारे पहिले जाड, पोकळ कोंब कापून टाका. मेच्या मध्यावर येणाऱ्या कोंबांतले तीन-चार निवडून एका दोरीवर चढवा, उरलेले छाटा. सगळेच ठेवायचा मोह होतो, पण त्या गर्दीत हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. जूनमध्ये वेल दिवसाला वीतभर वाढते. जुलैत खालची मीटरभर पानं काढून टाका. पाणी मुळाशी द्या, पानांवर नाही.

पहिल्या वर्षी मूठभर फुलं येतील, तेवढ्यावर समाधान माना. त्या वर्षी ती मुळं करते. तिसऱ्या वर्षापासून एका वेलीला वाळवून अर्धा किलो किंवा जास्तही मिळतं.

कापलेले कोवळे कोंब फेकू नका. युरोपात ते भाजी म्हणून खातात. मी लसूण-मिरचीवर परतते, वर ओलं खोबरं.

फुलं तयार झाली कसं ओळखायचं?

इकडे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. कच्चं फूल दाबलं की ओलसर, मऊ लागतं आणि दबलेलंच राहतं. तयार फूल हलकं होतं, कागदासारखं कुरकुरतं आणि सोडलं की परत फुगतं. एक फूल उभं चिरा: पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड दिसेल. ती लिंबासारखी फिकट असेल तर थांबा, हळदीसारखी गडद झाली की तोडा. बोटं चिकट होतात आणि मोसंबीचा वास दिवसभर जात नाही. ती पूड नारिंगी-तपकिरी झाली आणि लसणासारखा वास आला तर उशीर झाला.

तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. वेलीच्या आकड्यांनी हातावर लाल ओरखडे उठतात आणि दोन दिवस चुरचुरतात.

वाळवायचे कसे?

ताज्या फुलात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून शंभर ग्रॅम फुलांचे वाळून वीस-बावीस ग्रॅम होतात. खिडकीच्या जाळीवर एकेरी थर पसरा, सावलीत, खालून पंखा. पापड उन्हात घालायची सवय इथे सोडा, उन्हाने वास उडतो. दोन-तीन दिवसांनी फुलाची मधली काडी वाकवा: ती कट्‌कन मोडली की झालं. नुसती वाकली तर आत ओल आहे आणि पिशवीत बुरशी येईल. हवा काढून पिशव्या बंद करा आणि फ्रीजरमध्ये टाका. हवा लागून जुने झालेले हॉप्स जुनाट चीजसारखे वास मारतात.

घरच्या हॉप्सने कडवटपणा कसा मोजायचा?

मोजू नका. दुकानातल्या पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, आपल्या फुलांचं ते दरवर्षी बदलतं. कडवटपणासाठी विकतचा मॅग्नम घाला आणि घरचे हॉप्स शेवटच्या दहा मिनिटांत वापरा.

माझं मत विचाराल तर हॉप्स पैसे वाचवायला लावायचेच नाहीत. हॉप्स दळून, दाबून केलेल्या विकतच्या गोळ्या स्वस्त आहेत, चांगल्या आहेत, वर्षभर मिळतात. परसात वेल लावायची ती वर्षातल्या एका बिअरसाठी, जी विकतच्या हॉप्सने होत नाही: ओल्या फुलांची बिअर. वरचीच कृती घ्या. त्या दिवशी सकाळी धान्य भिजत घाला, ते भिजेपर्यंत फुलं तोडा आणि शेगडी बंद करताना कॅस्केडच्या गोळ्यांऐवजी ४०० ग्रॅम ओली फुलं पिशवीत बांधून दहा मिनिटं बुडवा. वाळलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वजन लागतं ते पाण्यामुळे. फुलं बरंच वॉर्ट पितात, तेव्हा धुवायचं पाणी दीड-दोन लिटर जास्त घ्या. या बिअरला कापलेल्या गवताचा, ओल्या पानांचा जो वास येतो तो दोन महिन्यांत विरतो. साठवू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिऊन संपवा.

पुण्यात हॉप्स येतील का?

रोप जगेल, पीक येणार नाही. हॉप्सचं फुलणं दिवसाच्या लांबीवर चालतं. पोर्टलंड ४५ अक्षांशावर आहे, जूनचा दिवस साडेपंधरा तासांहून मोठा. त्या काळात वेल नुसती वाढते आणि दिवस आखडू लागले की फुलते. पुण्यात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे वेल लहान असतानाच फुलायला बघते. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलमधल्या लाहौलच्या उंच, थंड खोऱ्यात.

घरात कुत्रा आहे. काही धोका?

हो, मोठा. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत: ताप एकदम चढतो, धाप लागते आणि जीव जाऊ शकतो. शिजवून काढलेले हॉप्ससुद्धा तितकेच धोक्याचे, गोडसर असल्याने कुत्रा ते आवडीने खातो. ते उघड्या खतात टाकू नका, बांधून कचऱ्यात टाका. खाल्ल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

उरलेल्या धान्याचं काय करायचं?

सव्वाचार किलो धान्याचं भिजून आठेक किलो होतं आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबतं. कोंबड्यांना किंवा खतात घालता येतं. पण वाटीभर बाजूला काढा, मिक्सरमधून फिरवा आणि भाजणीत निम्मं-निम्मं घालून थालीपीठ लावा. कांदा जरा जास्त, तेल सढळ. टरफलामुळे कडा छान खुसखुशीत होतात. हे धान्य हॉप्स घालायच्या आधी बाहेर काढलेलं असतं, म्हणून कडू नसतं.

कंद कुठून आणायचे?

मार्चमध्ये बिअरच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. पण ज्याच्याकडे चार-पाच वर्षांची वेल आहे त्याला विचारा, त्याला देऊनच टाकायचे असतात. कंद दरवर्षी सगळीकडे पसरतो आणि फावड्याने कडा छाटाव्याच लागतात. मी ते तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवते, महिनाभर टिकतात. नेणाऱ्याने पिशवीवर जातीचं नाव लिहून न्यावं, एवढंच.